लेण्यांतली ब्राह्मी वाचायची आहे? 'दानं'पासून सुरुवात करा

एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याला गेलेली मंडळी शेजारच्या चैत्यगृहात, म्हणजे खडकात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात, डोकावतातच. खांबांवर कोरलेली अक्षरं दिसतात, कोणीतरी "पाली आहे" म्हणतं आणि सगळे फोटो काढून पुढे सरकतात. खरं तर ती पाली नाही. त्या लेखांची भाषा प्राकृत आहे आणि लिपी ब्राह्मी. ही दोन वेगळी कामं आहेत हे आधीच लक्षात घेतलं तर पुढचा बराच गोंधळ वाचतो: एक काम अक्षर ओळखण्याचं, दुसरं त्यातून निघालेला शब्द समजण्याचं.

मराठी वाचणाऱ्याला दोन्ही कामं इतरांपेक्षा सोपी जातात. ब्राह्मीची वर्णमाला आपलीच आहे. क, ख, ग, घ त्याच क्रमाने येतात, व्यंजनात 'अ' गृहीत असतो आणि बाकीचे स्वर काना-मात्रेसारख्या खुणांनी दाखवतात. देवनागरी ही ब्राह्मीतूनच पायरीपायरीने बदलत आलेली लिपी आहे. रचना ओळखीची असल्यामुळे नवं शिकायचं ते फक्त आकार, आणि सातवाहन काळातले आकार देवनागरीपेक्षा कितीतरी साधे आहेत.

तरी बरेच जण मध्येच सोडून देतात. कारण ते सगळा तक्ता पाठ करायला बसतात. तक्त्यात 'ङ' आणि 'झ' यांनाही 'स'इतकीच जागा असते, पण लेण्यात 'स' जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या शेवटी येतो आणि 'ङ' शोधूनही सापडत नाही. म्हणून माझा सल्ला उलटा आहे. आधी वाक्याचा साचा शिका. अक्षरं त्या साच्यातून आपोआप बसत जातात.

पहिली पायरी: दोन अक्षरं

ब्राह्मी विस्मरणात गेली होती. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ती पुन्हा वाचून दाखवली. त्याच्या आधी, १८३६ मध्ये, ख्रिश्चन लासेनने अगाथोक्लीस या राजाच्या नाण्यावरचं नाव ग्रीक मजकुराच्या आधाराने ओळखलं होतं. प्रिन्सेपला मात्र दार उघडून मिळालं ते सांचीच्या स्तूपामुळे. तिथल्या कठड्यांवर छोटे छोटे लेख आहेत आणि त्यांतले बहुतेक त्याच दोन अक्षरांनी संपतात. देवस्थानाला काही दिलं की लोक काय लिहितील, असा विचार त्याने केला. दान! दोन अक्षरं म्हणजे 'दा' आणि 'नं'. त्यांच्या आधी वारंवार येणारं अक्षर म्हणजे षष्ठीचा 'स', म्हणजेच 'अमक्याचं'.

आपणही तिथूनच सुरुवात करायची. वहीत 'न' काढा: उभी रेघ आणि तिच्या पायाशी आडवी रेघ, म्हणजे उलटा केलेला इंग्रजी टी. 'द' म्हणजे उभी रेघ, जिला मधोमध एका बाजूला पोट सुटलंय. 'द'च्या डोक्याशी उजवीकडे एक छोटी आडवी रेघ दिली की 'दा'. 'न'च्या शेजारी ठिपका दिला की 'नं'. एवढ्या शिदोरीवर कोणत्याही लेण्यात जा आणि लेखाच्या शेवटी हे दोन आकार शोधा. एखादं तरी 'दानं' सापडतंच. सापडलं की लेख कुठे संपतो ते कळतं, आणि मग तिथून मागे मागे वाचत जाता येतं.

दुसरी पायरी: सोपे आकार आधी

चौकटीची वही घ्या. ब्राह्मी रेघा, वर्तुळं आणि कोन यांची लिपी आहे, चौकटीत छान बसते.

'क' म्हणजे अधिकचं चिन्ह. 'ग' म्हणजे घराचं छप्पर, दोन तिरप्या रेघा वर जुळलेल्या. 'त' म्हणजे त्याच छपरावर एक उभी काठी. 'ठ' म्हणजे पूर्ण वर्तुळ, 'थ' म्हणजे वर्तुळात ठिपका, 'ट' म्हणजे अर्धं वर्तुळ. 'ब' चौकोन. 'र' नुसती उभी रेघ. 'व' म्हणजे वर्तुळ आणि त्यावर उभी दांडी. 'म' म्हणजे वर्तुळावर दोन शिंगं. 'ण' म्हणजे उभी रेघ, वर-खाली दोन आडव्या पट्ट्या. 'ज' इंग्रजी ई सारखा, आणि तोच ई पाठीवर झोपवला की 'घ'. 'य' होडीच्या नांगरासारखा. स्वरांपैकी 'ए' त्रिकोण, 'इ' तीन ठिपके, 'उ' इंग्रजी एल.

'प', 'स' आणि 'ह' मात्र भावंडं आहेत आणि नवख्या माणसाला हमखास फसवतात. तिघांचं मूळ एकच आहे: उभी रेघ खाली उजवीकडे वळून पुन्हा थोडी वर चढते. एवढंच असेल तर 'प'. डाव्या अंगाला आकडा लटकत असेल तर 'स'. उजव्या टोकाला बाहेर छोटी रेघ फुटली असेल तर 'ह'. या तिघांची एक अख्खी पानभर उजळणी करा, बाकीच्यांची केली नाहीत तरी चालेल. 'भ', 'ख', 'छ', 'ळ' वगैरे लागतील तेव्हा तक्त्यात बघा.

सराव करायला आणखी एक सोय आहे. युनिकोडमध्ये २०१० पासून ब्राह्मीला जागा मिळाली आहे, आणि 'अक्षरमुख' या संकेतस्थळावर देवनागरीत टाइप केलेला मजकूर ब्राह्मीत बदलून मिळतो. स्वतःचं नाव, गावाचं नाव, घरच्यांची नावं बदलून बघा. मात्र पडद्यावरचा फॉन्ट छापाचा, नीटनेटका असतो. दगडावरचा हात तसा नसतो, आणि फॉन्टवरच अवलंबून राहिलात तर लेण्यात गेल्यावर भांबावून जाल.

तिसरी पायरी: काना-मात्रा

स्वरखुणा अक्षराच्या डोक्याशी किंवा पायाशी लागतात. डोक्याशी उजवीकडे सरळ रेघ असेल तर आ-कार. तीच रेघ वर वळली तर इ-कार, आणि वर जाणाऱ्या दोन रेघा असतील तर ई-कार. डोक्याशी डावीकडे रेघ असेल तर ए-कार. डावीकडे आणि उजवीकडे दोन्हीकडे असेल तर ओ-कार. पायाशी एक रेघ असेल तर उ-कार, दोन असतील तर ऊ-कार.

या खुणा बारीक असतात आणि सर्वात आधी झिजतात. शिवाय खडकातला नैसर्गिक ओरखडा आणि कोरलेली मात्रा यांत फरक करायला नजर तयार व्हावी लागते. कोरलेल्या रेघेला खोली असते आणि दोन्ही कडा साधारण सारख्या असतात. शंका आली की वहीत अक्षर मात्रेशिवाय लिहा आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाका. पुढे शब्द जुळला की ते सुटतं.

जोडाक्षरं एकाखाली एक रचतात, पहिलं वर, दुसरं खाली. सुदैवाने प्राकृतात ती फार कमी येतात.

चौथी पायरी: वाक्याचा साचा

लेण्यांतले बहुसंख्य छोटे लेख दानलेख आहेत, आणि ते जवळपास एकाच पद्धतीने लिहिलेले असतात: कुठून आलेला, कोणाचा कोण, काय करणारा, त्याने काय दिलं, आणि शेवटी 'दानं' किंवा 'देयधम' (धर्मासाठी दिलेली देणगी). थोडे प्रत्यय ओळखले की झालं.

शब्दाच्या शेवटी 'स' म्हणजे 'चा, ची, चं'. 'एन' किंवा 'ना' म्हणजे 'ने'. गावाच्या नावाला 'तो' लागला की 'तिथून'. 'पुत' म्हणजे पुत्र. 'सेठि' म्हणजे शेठ, व्यापारी. 'गहपति' म्हणजे गृहपती. 'गधिक' म्हणजे सुगंधी वस्तू विकणारा, 'वढकि' म्हणजे सुतार. 'भिखुनी', 'उपासिका' असं काही दिसलं तर दान देणारी बाई आहे. अशा बायका कमी नाहीत. वस्तूंमध्ये 'लेण' आणि 'थभ' (खांब) नेहमीचे, 'पोढी' म्हणजे पाण्याचं टाकं, 'घरमुघ' म्हणजे दर्शनी भाग. लेखाच्या सुरुवातीला 'सिधं' आलं तर तो मंगलशब्द आहे, दात्याचं नाव नव्हे.

आता लेखनाची एक सवय. कोरणारे जोड दाखवायचे कष्ट घेत नाहीत. 'उत्तम' असेल तिथे 'उतम' लिहितात, 'पुत्त' असेल तिथे 'पुत'. अनुस्वारही बऱ्याचदा गाळतात, म्हणून 'सिंह'ऐवजी 'सिह' दिसतो. ऱ्हस्व-दीर्घ तर कोरणाऱ्याच्या मर्जीवर. शाळेतल्या शुद्धलेखनाच्या कडक बाई डोक्यातून काढून टाका, नाहीतर प्रत्येक दुसऱ्या शब्दाला अडाल.

पाचवी पायरी: पहिला पूर्ण लेख

माझी निवड बेडसे. मावळात, कामशेतपासून जवळ, कार्ल्याच्या मानाने गर्दी नाही आणि लेख छोटा. चैत्यगृहाच्या व्हरांड्यात बाजूला खोल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या दारावर हा लेख आहे:

नासिकतो आनदस सेठिस पुतस पुसणकस दानं

वर वर्णन केलेली अक्षरं येत असतील तर एवढ्यासाठी तुम्हाला मूळ नऊच आकार लागतात: न, स, क, त, द, ठ, प, ण आणि शब्दारंभीचा स्वर. तो स्वर म्हणजे उलट्या तोंडाचा इंग्रजी के, उभी रेघ उजवीकडे आणि दोन हात डावीकडे.

शेवटाकडून सुरुवात करा. 'दानं' लगेच सापडेल. त्याच्या आधी 'स', म्हणजे कोणाचं तरी दान. मागे जात जात 'पुसणकस' जुळवा. इथे पहिल्यांदाच 'ण' भेटतो. त्याला 'न' समजायची चूक होते, कारण 'न'ला फक्त खालची पट्टी असते आणि 'ण'ला वर-खाली दोन्ही, पण वरची पट्टी कधी कधी झिजलेली असते. मग 'पुतस': अक्षरं तीन, पण एकदा ओळखलं की पुढच्या प्रत्येक लेखात ते डोळ्यांना आपोआप दिसतं. 'सेठिस'मधलं वर्तुळ दुरूनही उठून दिसतं. 'आनदस' म्हणजे आनंदाचा, अनुस्वार गाळलेला. आणि सर्वात पुढे 'नासिकतो'.

सगळं मिळून: नाशिकहून आलेला, आनंद शेठचा मुलगा पुष्यणक, याचं दान. नाशिक हे नाव दोन हजार वर्षांमागे याच उच्चाराने दगडावर आहे, ते मधल्या कोणाच्या सांगण्यावरून नाही, तुम्ही स्वतः वाचलंय.

यानंतर कार्ला. बाहेरच्या सिंहस्तंभावर एका महारठीचं (हा त्या काळचा सरदारांचा किताब) दान आहे आणि लेखाचा शेवट 'सिहथभो दानं' असा. 'ह', 'थ', 'भ' ही नवी अक्षरं तिथे मिळतात. आत खांबांवर धेनुकाकट या गावाहून आलेल्या यवनांची दानं आहेत. उदाहरणार्थ, 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं'. यवन म्हटलं की लोक लगेच ग्रीक सैनिक डोळ्यांपुढे आणतात. इथल्या यवनांची नावं मात्र सिंहध्वज, धर्म अशा इथल्याच वळणाची आहेत, आणि धेनुकाकट नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. म्हणून 'धेनुकाकट म्हणजे अमुक गाव' असं ठासून सांगणाऱ्या फॉरवर्डवर विश्वास ठेवण्याआधी थांबा. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला वैजयंतीच्या भूतपाल शेठचा लेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, उत्तम आहे, असं त्यात म्हटलंय: 'जंबुदिपम्हि उतमं'. त्या 'म्हि'मध्ये 'म'खाली 'ह' रचलेला बघा, जोडाक्षराचा चांगला नमुना आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातली बनवासी. चैत्यगृहाचं कौतुक करायला शेठ संकोचले नाहीत, आणि त्यांचं म्हणणं फारसं चुकलेलंही नाही.

सहावी पायरी: प्रत्यक्ष लेण्यात काय करायचं, काय नाही

भर दुपारी लेख वाचायला जाऊ नका. समोरून पडणारा उजेड अक्षरं सपाट करून टाकतो. तिरपा उजेड हवा, म्हणजे खोदलेल्या भागात सावली पडते. कार्ला-भाजे यांची तोंडं पश्चिमेकडे आहेत, त्यामुळे तिथे दुपार कलल्यावर उजेड आत येतो. बेडसेचं तोंड पूर्वेकडे आहे, तिथे सकाळी जा. अंधाऱ्या कोपऱ्यात टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा, आणि दिशा बदलत राहा. डावीकडून मारलेल्या उजेडात न दिसलेली आडवी रेघ वरून मारल्यावर दिसते.

फोटो समोरून सरळ काढा, तिरका काढला तर अक्षरांचे कोन बदलतात. एक फोटो पूर्ण लेखाचा, मग तुकड्या-तुकड्यांचे, प्रत्येकात आधीच्या तुकड्याची दोन अक्षरं येतील असे. घरी येऊन मोबाइलमध्येच फोटो कृष्णधवल करा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. पण फोटोच्या आधी, जागेवर उभं राहून वहीत हाताने नक्कल उतरवा. हात फिरतो तेव्हा डोळ्याने सोडलेलं सापडतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच सर्वात उपयोगाचं आहे.

खडूने अक्षरं भरू नका. पाणी, तेल, पावडर काहीही लावू नका, बोटानेही घासू नका. मोठ्या अभ्यासकांचे शाईचे ठसे पाहून कोणाला तसा ठसा घ्यावासा वाटतो. ते पुरातत्त्व खात्याचं काम आहे, आपलं नाही. १९५८ च्या स्मारकविषयक कायद्यात संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि कायदा नसता तरी, खडूचे कण रेघेत बसले की पुढच्या माणसाला तुमचं वाचन दिसतं, मूळ लेख दिसत नाही.

स्वतःचं वाचन पूर्ण झाल्यावरच छापील वाचन उघडा. पश्चिम भारतातल्या लेणीलेखांचं संकलन जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. मराठीत वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिम क्षत्रपांचे लेख अर्थासह दिले आहेत, ते मोठ्या ग्रंथालयात मिळतं. दोघांच्या वाचनांत फरक दिसला तर घाबरू नका, खडकाकडे परत जा.

पुढे कुठे जायचं

कान्हेरी दुसऱ्या टप्प्यासाठी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, सोमवारी बंद. तिथे शंभराच्या आसपास लेख आहेत आणि दात्यांची गावं ओळखीची: कलियण म्हणजे कल्याण, सोपारक म्हणजे सोपारा, चेमुल म्हणजे चौल. पण सगळं ब्राह्मी नाही. शतकानुशतकं लोक येत राहिले, त्यामुळे नंतरच्या लिप्याही आहेत. एका लेण्यात तर पारशी यात्रेकरूंनी पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी लिपीत, आपली नावं कोरली आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधली. उभ्या-आडव्या रेघांची सवय झालेल्या डोळ्याला एखादा लेख एकदम परका वाटला तर दोष तुमच्या अभ्यासाचा असेलच असं नाही.

नाशिकची पांडवलेणी त्यानंतर. तिथे अक्षरांची डोकी जाड होतात, खालचे भाग वळणदार किंवा कोनदार होतात. बेडसेत पाठ केलेला 'म' इथे खाली त्रिकोणी दिसला तर तो तोच 'म' आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा, तिचा नातू राजा पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षातला मोठा लेख आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत, आणि त्यांतला एक संस्कृताळलेला, जोडाक्षरांनी भरलेला. मला मात्र ४२ व्या वर्षाची नोंद असलेला त्याचा लेख जास्त आवडतो, कारण तो चक्क ठेवपावती आहे: तीन हजार कार्षापणांपैकी (त्या काळची नाणी) दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, महिना शेकडा एक दराने, उरलेले हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा.

इथे आकडे वाचावे लागतात. एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्या आडव्या रेघा, पुढचं मात्र वेगळं आहे. दहा, वीस, तीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं असतात आणि शून्य नाही. म्हणून ४२ लिहायला चाळीसचं चिन्ह आणि पुढे दोन रेघा. आकड्यांचा तक्ता तेवढा सोबत ठेवा, पाठ करण्यात अर्थ नाही.

नाणेघाट सर्वात शेवटी, नाव कितीही मोठं असलं तरी. सातवाहन राणी नागनिकेचा लांबलचक लेख भिंतींवर आहे, यज्ञ आणि दक्षिणेच्या आकड्यांनी भरलेला, झिजलेला आणि वाचायला कठीण. नवख्याने त्याच्यापुढे उभं राहून हिरमुसू नये. मागच्या भिंतीकडे वळा. तिथे एके काळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पायांच्या खुणांपलीकडे फारसं उरलेलं नाही, पण वरची नावं आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, कुमार भायल, कुमार हकुसिरि. प्रत्येक नाव छोटं, सुटं आणि तुमच्या आवाक्यातलं.

पावसाळ्यात घाटात जाणं झालं नाही तर मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा. सोपाऱ्याला १८८२ मध्ये सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा तिथे आहे. अक्षरं लेण्यांपेक्षा जुन्या, साध्या वळणाची, फारशी नटवलेली नाहीत, आणि उजेडही आयता मिळतो. वहीत एक ओळ उतरवून घ्या आणि घरी बेडसेच्या फोटोशेजारी ठेवून अक्षरं एकेक करून ताडून बघा.